जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आरसीवर ते कसं आणायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते कळेल. विचारणारे कराडचे आहेत. त्यांच्याकडे १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनची, सातारा पासिंग. मधल्या एका मालकाकडून त्यांनी ती घेतली. घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, इंजिन तापलं आणि ब्लॉकला चीर गेली. मिस्त्री म्हणतो, बाजारातून तसलंच दुसरं प्यूजो इंजिन आणू, नाहीतर स्कॉर्पिओचं एमहॉक बसवू. एजंट म्हणतो, कुठलंही बसवा, नव्या ब्लॉकवर तुमचा जुना नंबर ठोकून देतो, आरटीओत जायचं कामच नाही. त्यांना हे सगळं कायद्याने करायचं आहे आणि नेमकं काय करावं ते कळत नाही.

माझं काम डिझेल इंजिनं उघडून पुन्हा बांधण्याचं. त्यात जुन्या जीपा बऱ्याच येतात, आणि इंजिन बदललं की ग्राहकाबरोबर आरटीओच्या मैदानात उभं राहणंही त्याच कामात येतं. इंजिन मिळेल का, बसेल का, ही काळजी मिस्त्रीवर सोडा. तुम्ही एकाच गोष्टीची काळजी करा: ब्लॉकवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि ते इंजिन कुठून आलं याचा कागद, हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. ते जुळले तर गाडी उद्या विकता येते, विमा मिळतो, नूतनीकरण होतं. एक जरी सुटलं तरी चांगली चालणारी गाडी कागदावर अडकते.

एजंटाचा पर्याय पहिल्यांदा निकालात काढू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५(५) सांगतं की गाडीवरचा इंजिन नंबर किंवा चासी नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नसेल, किंवा नोंदणी खोट्या माहितीवर मिळवलेली असेल, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन ती नोंदणी रद्द करायची. ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो, मग अडचण काय, असं एजंट म्हणेल. अडचण अशी की नंबराचा ठसा मारताना फक्त वरचा पृष्ठभाग दबत नाही, त्याखालचा धातूही दबतो. वरचे आकडे घासून टाकले तरी खालचा दबलेला भाग तसाच राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावलं की मूळ आकडे पुन्हा दिसायला लागतात. त्या मूळ आकड्यांचं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर विषय आरटीओकडे राहत नाही, पोलिसांकडे जातो, आणि ब्लॉक तुमच्या गाडीत असतो. शिवाय पुढे गाडी घेणारा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे देणार आहे, त्याला फसवल्यासारखं होतं ते वेगळंच. माझ्याकडे असं काम घेऊन कोणी आलं तर मी गाडी आत घेत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते आजच करा. फुटलेला ब्लॉक भंगारात देण्याआधी त्याच्यावरचा नंबर आरसीशी ताडून बघा. तुम्ही ही गाडी मधल्या मालकाकडून घेतली आहे. तीस वर्षांत जीपचं इंजिन एकदाही बदललं नसेल, असं गृहीत धरू नका. किती तरी जीपांमध्ये असं निघतं की आत्ता फुटलेलं इंजिनच आरसीवर नाही.

नंबर वाचायची रीत सांगतो. ब्लॉकवर मशीन मारून सपाट केलेली एक पट्टी असते, नंबर त्या पट्टीवर असतो. तिच्यावर वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तो भिजवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पितळी ब्रशने हलक्या हाताने काढा. पोलादी ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर यातलं काहीही तिथे लावू नका. साफ करण्याच्या नादात पृष्ठभागावर ओरखडे उठले तर नंतर इन्स्पेक्टरला तेच संशयास्पद वाटतात. पट्टी कोरडी झाली की तिच्यावर पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून वरून फिरवा. आकडे काळ्यात पांढरे उठतात. हीच पेन्सिल प्रिंट. तिच्यावर सेलोटेप लावून ठेवा, बरोबर एक स्पष्ट फोटो काढा. डोळ्याला ३ आणि ८ सारखे दिसतात, प्रिंटमध्ये ते सहसा वेगळे कळतात.

प्रिंट काढताना पट्टीचा पृष्ठभागही नीट बघा. मूळ पट्टीवर मशीनच्या रेघा एका दिशेने, सारख्या जाताना दिसतात. नंबर घासून परत मारलेला असेल तर तिथे किंचित खोलगट भाग लागतो, रेघा गोल फिरलेल्या असतात किंवा अजिबात नसतात. आकडे थोडे वरखाली आहेत एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका, जुन्या काळी कारखान्यातही आकडे नेहमी एका ओळीत बसत नसत. नख फिरवून पट्टी सपाट लागते का, ते जास्त भरवशाचं.

यातून तीनपैकी एक गोष्ट निघेल. नंबर जुळला, तर उत्तम. नंबर जवळपास जुळला पण एखादा आकडा किंवा अक्षर वेगळं, तर बहुतेक वेळा ती लिहिण्यातली चूक असते. जुन्या पुस्तकी आरसीवरून संगणकात नोंद चढवताना असं झालेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. जुनं पुस्तक कोणाकडे शिल्लक असेल तर ते शोधा, नसेल तर मूळ कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा मागा, आणि इंजिन बदलण्याआधी ती दुरुस्ती करून घ्या. तिसरी शक्यता म्हणजे नंबर साफ वेगळा. मग आधीच्या कोणीतरी नोंद न करता इंजिन बदललं आहे. अशा वेळी लपवून पुढे जायचं नाही. तुम्ही गाडी कधी, कोणाकडून, कोणत्या कागदांवर घेतली हे सगळं जोडून स्वतःहून लेखी अर्ज द्यायचा. चौकशी होईल, वेळ जाईल. पण स्वतःहून गेलेल्या माणसाला निदान आपली बाजू मांडता येते. तपासणीत पकडल्यावर तीच बाजू कोणी ऐकत नाही. या तिसऱ्या प्रकारात मात्र आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या.

समजा नंबर जुळला. तरी लगेच दुसरं इंजिन शोधायला निघू नका, आधी हाच ब्लॉक वाचतो का ते बघा. कायद्याच्या दृष्टीने इंजिनाची ओळख ब्लॉकवर आहे. हेड बदला, क्रँक बदला, पिस्टन, लायनर, पंप, नोझल सगळं बदला, ती दुरुस्तीच. ब्लॉक राहिला की नंबर राहिला, आणि आरटीओत जायचं कारणच उरत नाही.

पाइप फुटून तापलेल्या इंजिनात चीर बऱ्याचदा पाण्याच्या जॅकेटच्या भिंतीला जाते. ब्लॉक पूर्ण उघडून प्रेशर टेस्ट करून घ्या: पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करतात, आत हवेचा दाब देतात आणि ब्लॉक पाण्यात बुडवतात, बुडबुडे येतील तिथे चीर. जॅकेटची बाहेरची भिंत फुटली असेल तर मेटल स्टिचिंगने ती चांगली बंद होते. चिरेच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडून ती पुढे जाणं थांबवतात, आडव्या लॉक पट्ट्या बसवतात आणि मधे एकमेकांत अडकणारे स्क्रू भरत जातात. यात उष्णता देत नाहीत, हाच तिचा मोठा फायदा. बिडाच्या ब्लॉकला साधं वेल्डिंग मारलं की वेल्डच्या शेजारी नवी चीर पडते. नीट तापवून, हळूहळू थंड करून वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, पण थोडे. सिलिंडरच्या भिंतीला चीर असेल तर स्लीव्ह टाकून काम होऊ शकतं. मेन बेअरिंगच्या बैठकीपर्यंत चीर गेली असेल किंवा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर मात्र त्या ब्लॉकवर पैसे घालू नका. मिस्त्री नुसत्या डोळ्यांनी बघून ब्लॉक गेला म्हणत असेल तर ते मानू नका. एखादं जुनं इंजिन आणायचंच असेल तर त्याचं हेड आणि आतला माल आपल्या दुरुस्त ब्लॉकमध्ये घालता येतो. खर्च जवळपास तेवढाच येतो आणि कागदाचं सगळं ओझं टळतं.

ब्लॉक वाचतच नसेल तर मग कायदा काय म्हणतो ते बघू. कलम ५२(१) चा गाभा असा: उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांचं खंडपीठ होतं. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन या कलमाला वळसा घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग तसंच, त्याच प्रकारचं प्यूजो इंजिन बसवणं हा या अर्थाने बदल आहे का? कलमातलं स्पष्टीकरण म्हणतं की बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेर, की ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं आणि तेवढ्याच सीसीचं इंजिन घातलं तर स्वरूप बदलत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. कलम ५२(२) मध्येही दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असणाऱ्यांना त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगीशिवाय बदलू देण्याची तरतूद आहे. म्हणजे सारख्याला सारखं इंजिन ही गोष्ट कायद्याला ओळखीची आहे. पण तुमची एक खाजगी जीप त्या सवलतीत बसत नाही, आणि इंजिन नंबर आरसीवर असल्यामुळे नोंद तर करावीच लागते. कलम ५२(३) असे बदल चौदा दिवसांत कळवायला सांगतं. म्हणून माझा शिरस्ता असा: आधी अर्ज, आधी लेखी मंजुरी, मगच दुसरं इंजिन गाडीत बसवायचं. चौदा दिवसांची मुदत मी कधी मोजत बसत नाही.

एमहॉकबद्दल बऱ्याच तरुण मालकांची मनापासून इच्छा असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमचं इंजिन साधारण साठ-बासष्ट अश्वशक्तीचं. २१७९ सीसीचं एमहॉक १२० अश्वशक्तीचं आणि २९० न्यूटन मीटर टॉर्कचं. सीसीमधला फरक नगण्य दिसतो, पण गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, अॅक्सल आणि ब्रेक सगळं साठ अश्वशक्तीच्या हिशेबाने बनलेलं आहे. दुप्पट ताकद आली की पहिल्यांदा गिअरबॉक्स बोलतो, आणि उतारावर ब्रेक पुरत नाहीत ते कळेपर्यंत वेळ गेलेली असते. लोक म्हणतात, नवं इंजिन कमी धूर करतं, मग सरकारला काय हरकत? धुराची मान्यता सुट्या इंजिनाला नसते. इंजिन, इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर असं सगळं एका गाडीत बसवून चाचणी झालेली असते. त्यातलं इंजिन उचलून जीपमध्ये टाकलं की ती मान्यता मागे स्कॉर्पिओतच राहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडीची चाचणी पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा संस्था करतात. पण ती वाट गाड्या बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. एकट्या मालकाच्या एका गाडीसाठी ती परवडणारी नाही. त्यामुळे एमहॉक आरसीवर आणून देतो असं कोणी सांगत असेल तर तो नक्की काय नोंदवणार आहे, हे त्याच्याकडून लेखी मागा.

इथेच किट कारचा विषयही येतो, कारण सुटी चासी, सुटी बॉडी आणि सुटं इंजिन आणून जीप जोडून देऊ, अशी आमिषं आपल्याकडेही दाखवतात. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि वेगवेगळ्या गाड्यांचे भाग असतील तर तिला क्यू अक्षराची नंबर प्लेट मिळते. आपल्याकडे हौशी माणसाने बांधलेल्या गाडीसाठी अशी वेगळी वाट नाही. जोडलेली जीप कोणत्या तरी जुन्या आरसीवर चालवतात, आणि तिथे चासीपासूनच खोटेपणा सुरू होतो. तिकडे वळू नका.

इंजिन बदलून इंधनच बदलायचं असेल तर कायद्यात त्याला जागा आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटची तरतूद आहे, आणि डिझेल इंजिन काढून नवं सीएनजी इंजिन घालण्याचाही उल्लेख नियमांत आहे. मात्र मान्यता किट बनवणाऱ्याने घेतलेली असावी लागते आणि ती तुमच्या गाडीच्या प्रकाराला लागू असावी लागते. आधी मान्यतेचं प्रमाणपत्र बघा, पैसे नंतर द्या.

आता धरून चालू की तुम्ही तसंच प्यूजो इंजिन घेणार. त्या काळच्या महिंद्राच्या इतर गाड्यांतही ते येत असे, त्यामुळे मिळायला फार अडचण नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: २४९८ सीसीचं मोठं प्यूजो इंजिनही बाजारात भेटतं आणि मिस्त्री ते 'तेच आहे' म्हणून आणतात. ते तेच नाही. आरसीवर २११२ आहे, तर २११२ च हवं.

इंजिनाबरोबर त्याचा कागद हवा. दुकानदाराचं जीएसटी बिल घ्या आणि त्या बिलावर इंजिन नंबर छापलेला असू द्या. नुसतं 'जुने इंजिन एक नग' असं बिल आरटीओत काही कामाचं नाही. ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागा आणि ती गाडी मोडीत काढून नोंदणी रद्द केल्याचा पुरावा मागा. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी परत करायची, हे कलम ५५ मालकाला सांगतं, म्हणजे हा कागद असायलाच हवा. दुकानदार कुरकुर करतील, काही जण हसतील, पण कागद असलेलं इंजिन चार पैसे जास्त देऊनही घ्या. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, संकेतस्थळावर इंजिन नंबर आणि चासी नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते बघता येतं. इसार देण्याआधी ते बघा आणि निकालाची प्रत काढून ठेवा. नंबराच्या पट्टीची तपासणी वर सांगितली तशीच करा, आणि तीही दुकानात, इंजिन टेम्पोत चढायच्या आधी.

कधी कधी कंपनीचा नवा कोरा ब्लॉक मिळतो, ज्यावर नंबरच नसतो. तिथे विक्रेत्याचं पत्र आणि बिल जोडून आरटीओला आधी विचारायचं की कोणता नंबर घालायचा आणि कोणाच्या समोर. लेखी आदेश हातात येईपर्यंत त्या ब्लॉकवर कोणी पंच लावू नये.

कार्यालय कोणतं, हा तुमच्या बाबतीत खरा प्रश्न आहे, कारण गाडी एमएच-११ ची आहे आणि तुम्ही आता कराडच्या एमएच-५० च्या हद्दीत राहता. कलम ५२ प्रमाणे तुम्ही राहता त्या हद्दीतल्या कार्यालयाला कळवायचं असतं, आणि ते कार्यालय मूळ कार्यालयाला नोंद कळवतं. पण आरसीवर पत्ता जुनाच असेल तर तो आधी बदलून घ्या. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत कळवायचं असतं, आणि इंजिनाचा अर्ज त्याच पत्त्यावर उभा राहणार आहे. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, कर्ज फिटलं असलं तरीही, तो आधी उतरवा. बोजा असताना बदलाला फायनान्सरची लेखी संमती लागते. नोंदणीची मुदतही बघा. १९९२ च्या गाडीची पंधरा वर्षं २००७ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकाच तपासणीत होतील का, हे विचारा. काही कार्यालयं तसं करू देतात, काही आधी एक आणि मग दुसरं म्हणतात.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदल या सेवेत भरायचा आणि मग कागद घेऊन कार्यालयात जायचं. जुन्या गाड्यांची नोंद पोर्टलवर अर्धवट असेल तर अर्ज पुढेच सरकत नाही, म्हणून आधी गाडीचा नंबर टाकून सगळा तपशील दिसतो का ते तपासा. मी पोर्टलच्या अर्जाबरोबर नेहमी एक साधं पत्रही जोडतो: गाडी कोणती, जुन्या इंजिनाला काय झालं, नवं कोणतं, दोन्हींचे नंबर, मेक, सीसी, इंधन. फुटलेल्या ब्लॉकचे फोटो आणि वर्कशॉपचा दाखलाही देतो. इन्स्पेक्टरला दिवसाला ढीगभर गाड्या बघायच्या असतात. त्याला एका पानात सगळं कळलं तर त्याचा आणि तुमचा वेळ वाचतो. अधिकारी कडक असेल तर घाबरू नका. कागद पूर्ण असला की कडक अधिकाऱ्याकडेच काम नीट होतं, हा माझा अनुभव आहे.

इंजिन बसल्यावर तपासणीला नेण्याआधी पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून पीयूसी काढा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. जुनं इंजिन पंप न बघता नेलं तर ती सहज ओलांडतं. नंबराची पट्टी स्वच्छ, कोरडी ठेवा, तिच्यावर रंग मारू नका. इंजिन नंबर एखाद्या ब्रॅकेटमागे किंवा पाइपमागे झाकला जात असेल तर ते आधीच सोडवून ठेवा, मैदानात पाना शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

विम्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. नवा नंबर आरसीवर आला की त्याची प्रत देऊन पॉलिसीत एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्या. खाजगी मोटारींच्या थर्ड पार्टी हप्त्यात १५०० सीसीच्या वरचा एकच गट असतो, त्यामुळे हप्ता त्या कारणाने वाढणार नाही. पण नंबर जुळला नाही तर अपघातानंतर सर्व्हेअर पहिली नोंद त्याचीच करतो आणि दावा तिथेच अडतो.

काही गोष्टी तुमच्याबाबत नाहीत, पण जीप बाळगणाऱ्या इतरांना लागतील म्हणून लिहितो. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, त्यात नंबरामध्ये व्हीए ही अक्षरं येतात. पण ती मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी आहे; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. विलीज किंवा सीजे-३बी अशी जुनी पेट्रोल जीप घरात असेल आणि तिचं पेट्रोल इंजिन बंद पडलं असेल, तर डिझेल घालण्याचा मोह आवरा आणि तेच इंजिन उभं करा. ते काम कठीण आहे, खर्चिक आहे, तरी मी प्रत्येकाला तेच सांगतो, कारण एकदा मूळ इंजिन गेलं की परत येत नाही. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचं वेगळं: त्यांना लष्करी नंबर असतो, लिलावानंतर नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या जोंगाला जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन होतं आणि बऱ्याच जोंगांमध्ये नंतर डिझेल बसवलं गेलं. अशी गाडी घेताना पहिल्या नागरी नोंदणीत कोणतं इंजिन, कोणतं इंधन लिहिलं आहे ते बघितल्याशिवाय सौदा करू नका.

राहिला तुमचा फुटलेला ब्लॉक. नवा नंबर आरसीवर येईपर्यंत तो वर्कशॉपमध्ये जपून ठेवा, इन्स्पेक्टर तो बघायला मागू शकतो. त्यानंतर तो आहे तसा भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर तुमच्या गाडीचा नंबर आहे, आणि असे ब्लॉक शिवून, विकून पुन्हा दुसऱ्या गाड्यांत जातात. नंबर असलेली पट्टी मिस्त्रीकडून कापून घ्या, कापण्याआधी आणि नंतर फोटो काढा, आणि उरलेला ब्लॉक वजनावर विकून पावती घ्या. कापलेली पट्टी, फोटो आणि ती पावती आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. तुम्ही पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी ताडलीत की काय निघालं ते कळवा, चिरेचा फोटोही टाका. ब्लॉक वाचेल की नाही ते त्यावरून बरंचसं सांगता येईल.